फिनलंडमध्ये रुसून बसलो, त्याची हकिकत

फिनलंडहून परतल्यापासून आमच्या सुनंदाबाई, म्हणजे माझी बायको, कसबा पेठेत भेटेल त्याला सांगत सुटल्या आहेत की सहल फार छान झाली. हवा छान, तळी छान, माणसं तर काय, देवमाणसं. ती ज्याला सांगते तो संध्याकाळी माझ्या दुकानात येतो, एखादं तांब्याचं भांडं उगाच उलटंसुलटं करून बघतो आणि म्हणतो, "काय वसंतराव, मजा झाली म्हणे!" विकत काही घेत नाही. प्रत्येकाला तेच सांगून माझा घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढतो. ज्यांना मजा ऐकायची असेल त्यांनी सुनंदाकडे जावं. मी जे झालं ते लिहिणार आहे.

आधी माझी तक्रार काय होती ते सांगायला हवं. मुक्ता ही आमची एकुलती एक मुलगी. पुण्यात इंजिनिअर झाली, पुढचं शिकायला फिनलंडमधल्या तांपेरे नावाच्या गावी गेली, तिथंच नोकरीला लागली. गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी तिचा फोन आला. "आई, बाबा, मी आणि मिक्कोनं लग्न केलं." मी विचारलं, "कधी?" तर म्हणे आठ दिवस झाले. सरकारी कचेरीत, दोन साक्षीदार, अकरा मिनिटं. अकरा मिनिटांत आमच्याकडे गुरुजींची पिशवीसुद्धा उघडून होत नाही. मी म्हटलं, "यापुढे माझ्याशी बोलू नकोस," आणि फोन सुनंदाच्या हातात दिला. मुलगी माझीच. तिनंही त्यानंतर चौदा महिने माझ्याशी शब्द काढला नाही.

मी पंधराव्या वर्षी पुण्यात आलो. जुन्या भांड्यांची मोड हातगाडीवर घालून ओढली. आज कसब्यात स्वतःचं तांब्यापितळेचं दुकान आहे, आणि ते कुणाच्या मेहेरबानीवर उभं राहिलेलं नाही. गिऱ्हाईक असो की कारागीर, मी भाव केल्याशिवाय कुणाला सोडलेलं नाही. आयुष्यात एकच खर्च घासाघीस न करता करायचा ठरवलं होतं, तो मुक्ताच्या लग्नाचा. कार्यालय मनात धरून ठेवलं होतं. पंगतीत काय वाढायचं ते ठरलं होतं. ते सगळं अकरा मिनिटांत निकालात निघालं.

आता रुसव्याबद्दल. आपल्याकडे लग्नात रुसण्याचा मान मुलाकडच्यांचा. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात नवऱ्या मुलाच्या मामांना चहा फोटोग्राफरच्या नंतर मिळाला, म्हणून मामा खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. माझे वडील तासभर दारात उभे होते. "मामासाहेब, चुकलं आमचं," असं तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा मामा उठले आणि पंगतीला बसून अकरा जिलब्या खाल्ल्या. मुलीच्या बापाला रुसता येत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. पण मुक्तानं सगळेच नियम गुंडाळून ठेवल्यावर हा एकच नियम मी का पाळायचा? आता रुसायची पाळी माझी होती. व्याह्यांनी माझ्यासमोर येऊन "चुकलं आमचं" म्हणायचं, मी थोडा वेळ घ्यायचा आणि मग म्हणायचं, "असू द्या." ते "असू द्या" मी गल्ल्यावर बसून पुष्कळदा मनात म्हणून पाहिलं होतं.

जायचं माझ्या मनात नव्हतंच. सुनंदानं परस्पर तिकिटं काढली आणि म्हणाली, "अहो, मी तर चाललेय. तुम्हाला रुसायचंच आहे तर इथं एकट्यानं काय रुसता? तिकडे चला आणि समोर बसून रुसा." या बोलण्यात अर्थ होता, म्हणून मी गेलो.

तांपेरे

स्टेशनवर जावई घ्यायला आला होता. साडेसहा फूट उंच, दाढी पितळेच्या रंगाची. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "हाय, वसंत."

माझ्या दुकानात मला शिव्या द्यायला येणारा माणूससुद्धा आधी "शेठ" म्हणतो. मला नुसतं वसंत म्हणणारी शेवटची व्यक्ती माझी आई. पुढे कळलं की तिकडे सासऱ्यालाही नावानं, शाळेतल्या मास्तरणीलाही नावानं आणि म्हणे मंत्र्यालाही नावानं. बरोबरी आहे म्हणतात. असेल. पण चाळीस वर्षं उन्हात घासून माणूस वसंताचा वसंतराव होतो, ती मेहनत त्या पोरानं दोन शब्दांत धुऊन टाकली.

मुक्ता मागे उभी होती. केस कापलेले. वाकून नमस्कार केला, उभी राहिली, बोलली काहीच नाही. मीही बोललो नाही. बारीक झाली होती, तेवढं बघून ठेवलं.

त्यांच्या घराचं स्वयंपाकघर इतकं लहान की एकानं चमचा उचलला तर दुसऱ्याचं कोपर हलावं. तिथं आम्ही तिघं उभे.

"आई, बाबांना विचार, चहा घेणार का."

"सांग तिला, नको."

"त्यांना सांग, केलेला आहे."

"मग विचारते कशाला म्हणावं?"

सुनंदा म्हणाली, "मला उद्या हा टपालखात्याचा पगार द्या तुम्ही दोघं." चहा मात्र तिनं माझ्या हातात दिला. आलं घातलेलं होतं.

गाव मोठं, रस्ते स्वच्छ आणि माणसं मोजकी. चौकात लाल दिवा लागला होता, दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत वाहन नव्हतं, आणि चार माणसं हिरव्या दिव्याची वाट बघत उभी होती. स्वारगेटला असा एक जरी माणूस उभा राहिला तर लोक त्याला सावलीत बसवून पाणी देतील. बसथांब्यावर सहा जण होते, दोघांत एक म्हैस मावेल एवढं अंतर सोडून. मला वाटलं, यांची आपसांत भांडणं आहेत. सुनंदाकरवी चौकशी केली तेव्हा कळलं की हा शिष्टाचार. शेजारच्याला त्रास नको म्हणून. आपल्याकडे शेजारच्याला त्रास व्हावा म्हणून माणसं काय काय करतात, ते मी त्यांना सांगत बसलो नाही. मी रुसलेला होतो.

तळ्याकाठी

रविवारी आम्हाला व्याह्यांच्या तळ्याकाठच्या घरी नेलं. लाकडी घर, भोवती जंगल, पुढे तळं. घरात नळ नाही. संडास बाहेर, पन्नास पावलांवर, खाली भुसा टाकायचा. मी आयुष्य झिजवलं ते घरात नळ आणि संडास यावा म्हणून. या लोकांकडे शहरात दोन्ही आहे, आणि सुट्टी मिळाली की ते हौसेनं अशा जागी येऊन राहतात जिथं दोन्ही नाही. वर आपल्याला अभिमानानं दाखवतात. सुनंदाला ते फार आवडलं. तिला तिचं माहेर आठवलं.

व्याही तापानी, कागदाच्या गिरणीत फोरमन होते, आता निवृत्त. विहीणबाई लेना, शाळेत शिकवतात. दोघांनी दारात हात मिळवला, चपला काढायला लावल्या (हे मला पटलं) आणि आत गेले. ना ओवाळणं, ना पायावर पाणी. मी दारात जरा रेंगाळलो, की आता तरी कुणी काही बोलेल. तेवढ्यात सुनंदानं पिशवी उघडली आणि आम्ही नेलेलं तांब्याचं लहान घंगाळ त्यांच्या हवाली केलं. ते मी "असू द्या" म्हटल्यानंतर द्यायचं होतं. हातातला हुकमी पत्ता बाईनं चपला काढता काढता टाकून दिला.

पण तापानीनं ते कसं घेतलं ते सांगायला हवं. आधी उलटं करून बूड पाहिलं. मग कारागिरानं हातोडीनं ठोकून उठवलेल्या ठशांवरून अंगठा फिरवला. मग नखानं टिचकी मारून कान लावला. भांडं कळणारा माणूस नेमकं असंच करतो. पेठेत आता असं करणारं गिऱ्हाईक महिन्यात एक येतं. "गुड," एवढंच तो म्हणाला. मला बरं वाटलं आणि म्हणून आणखी राग आला.

दुपारी साडेचारला जेवण. नवे बटाटे, लोणी, तळ्यातला मासा. मी ठरवल्याप्रमाणे खुर्ची मागे सरकवली आणि माझ्या दुकानदारी इंग्रजीत स्वच्छ सांगितलं, "नो. आय विल नॉट ईट."

आता यापुढचं आपल्याला सगळ्यांना पाठ आहे. असं कसं, थोडं तरी घ्या. नको. आमच्यासाठी दोन घास. नको म्हटलं ना. तुम्ही नाही जेवलात तर आम्हीही उठतो. मग नाइलाज म्हणून आपण ताट पुढे ओढतो. हे सगळं नीट होण्यासाठी समोरच्याला त्याची वाक्यं यावी लागतात. लेनाबाई म्हणाल्या, "ओके." माझी ताटली उचलली, कपाटात ठेवली आणि जेवायला बसल्या. चिडून नाही, अगदी प्रेमानं. सुनंदानं चार बटाटे खाल्ले. पाचवा घेताना माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, लोणी काय छान आहे!"

मी खोलीत जाऊन घरून आणलेला चिवडा खाल्ला. त्यातले शेंगदाणे कुरकुरू नयेत म्हणून एकेक तोंडात धरून मऊ करावा लागत होता. सकाळी न्याहारीला आलो तर टेबलावर माझी ताटलीच नाही. सुनंदाला विचारायला सांगितलं. लेना म्हणाली, काल त्यांनी नको म्हटलं होतं, आज हवंय असं अजून म्हणाले नाहीत. त्या देशात "नको"ची मुदत संपत नाही. आपण स्वतः जाऊन ते रद्द करून घ्यावं लागतं. जेवणाचा रुसवा मी तिथल्या तिथं मागे घेतला आणि बोलण्याचा चालू ठेवला.

तो चार दिवस चालला. चार दिवसांत मी "येस", "नो" आणि मीठ मागण्यापलीकडे अक्षर काढलं नाही. तापानी मला होडीतून मासे धरायला घेऊन गेला. तीन तास. तो बोलला नाही, मी बोललो नाही, मासेही आले नाहीत. परत आल्यावर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "टुमॉरो अगेन?"

संध्याकाळी सुनंदा हसत हसत सांगत आली. "अहो, लेना काय म्हणते ऐका. म्हणे तुमचे यजमान किती छान! तिला भीती वाटत होती, भारतातून माणूस येणार म्हणजे फार बोलणार. आणि तापानी मिक्कोला म्हणाला, असा सोबती मला कामावरसुद्धा मिळाला नव्हता."

माझा रुसवा आणि त्यांचं रोजचं वागणं यांत त्यांना फरकच दिसत नव्हता. आपल्याकडे माणूस रुसला की घरातली भांडी वाजतात, शेजारी डोकावतात, लहान मुलांना पुढे करून निरोप जातात. इथं मी जीव तोडून रुसत होतो आणि त्याबद्दल मला चांगल्या वागणुकीचं प्रमाणपत्र मिळत होतं. मी आणखी जोर लावला. बुधवारी ओट्यावरची खुर्ची उचलली, फिरवली आणि सगळ्यांकडे पाठ करून बसलो. बहिणीच्या लग्नातले मामा असेच बसले होते. थोड्या वेळानं तापानी आला. माझ्याकडे बघितलं, तळ्याकडे बघितलं, आपली खुर्ची आणून माझ्याशेजारी तशीच ठेवली. अर्ध्या तासानं म्हणाला, "यू आर राइट. इकडून जास्त चांगलं दिसतं." दुसऱ्या दिवसापासून घरातल्या सगळ्या खुर्च्या तळ्याकडे तोंड करून होत्या.

त्याच बुधवारी मला सौनात नेलं. सौना म्हणजे लाकडी खोलीत दगड तापवायचे, त्यावर पाणी मारायचं आणि वाफेत बसायचं. बसायचं म्हणजे जन्माला आलो तसं. व्याह्यांनी व्याह्यांना भेटायचं तर आपल्याकडे टोपी, शाल, नारळ. इथं दोन व्याही एका फळीवर, मी पंचा घट्ट धरून आणि तापानी तोही न धरता. माझ्याच घंगाळातलं पाणी दगडांवर चर्र करत होतं. मी कपाळाला आठ्या घालून पाहिल्या, घामानं वाहून गेल्या. मान फिरवून पाहिली, फिरवायला जागा नव्हती. रुसायला अंगावर कपडे लागतात, हे मला तिथं कळलं.

गुरुवार

सकाळी आम्ही जवळच्या खेड्यात चालत गेलो. रस्त्याच्या कडेला एक टेबल, त्यावर मटारच्या शेंगांच्या पिशव्या, शेजारी पैसे टाकायला डबा आणि पाटीवर भाव. माणूस कोणी नाही. मी इकडेतिकडे पाहिलं. झाडाआडसुद्धा कोणी नव्हतं. भाव जास्त होता, हे मला दुरूनच कळलं होतं. पण सांगणार कुणाला? चार दिवस तोंड बंद होतं, त्यामुळे भाव करायची फार इच्छा झाली होती. मिक्कोनं पैसे टाकले, पिशवी उचलली. मी विचारलं (त्याच्याशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य), "कुणी डबाच नेला तर?" त्यानं बराच विचार केला. म्हणाला, "मग त्याला पैशांची खूप गरज असेल."

असल्या माणसाशी भांडायचं कसं?

दुपारी मी सरळ व्याह्यांना गाठायचं ठरवलं. रुसवा कळत नसेल तर तोंडानं सांगू. तापानी घरामागे लाकडं फोडत होता. घरामागची भिंत दिसतच नव्हती, इतका लाकडांचा ढीग. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "तापानी, तुमच्या मुलानं माझ्या मुलीशी लग्न केलं आणि मला आठ दिवसांनी कळलं. मला राग आला आहे."

त्यानं कुऱ्हाड ओंडक्यात रोवली आणि विचार करून म्हणाला, "आम्हाला नऊ दिवसांनी कळलं."

मी म्हटलं, "काय?"

"मेसेज आला. फोटो होता. मिक्कोनं चांगला शर्ट घातला होता."

"मग तुम्हाला राग नाही आला?"

"आला."

"मग काय केलंत?"

त्यानं ढिगाकडे हात केला. "हे फोडलं. तीन हिवाळे पुरेल."

"आणि मिक्कोला?"

"त्याच्याशी बोललो नाही. चार महिने." त्यानं हातावरचा भुसा झटकला. "कुणाच्या लक्षात आलं नाही."

त्यानं कुऱ्हाड परत उचलली. मी त्यानं फोडलेली लाकडं रचू लागलो. ज्याच्याकडून माफी घ्यायला एवढा लांब आलो, तो माझ्यासारखाच फसलेला निघाला. त्याची तर अवस्था माझ्याहून वाईट. मी रुसलो तेव्हा निदान पुण्यात चार घरांत चर्चा झाली. हा चार महिने रुसून बसला आणि पोरानं समजायचं, बाबा आज मजेत आहेत. त्या संध्याकाळी मी मुक्ताकडे चोरून बघत होतो. फिनलंडमध्ये पाच वर्षं झाली होती तिला. माझा रुसवा तिला तरी रुसवा म्हणून दिसतोय का, की तिलाही आता ती नुसती शांतता वाटते? ही भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

जंगलात

शुक्रवारी सगळे जंगलात निळी फळं वेचायला गेलो. करवंदापेक्षा बारीक, खाल्ल्यावर जांभळासारखी जीभ रंगते. तिकडे कुणीही कुणाच्याही जंगलात जाऊन ही फळं वेचू शकतो, तसा रिवाज आहे. मी मिक्कोला विचारलं, जंगलाचा मालक कोण? त्याला माहीत नव्हतं. मग परवानगी कुणाची? तिची गरज नव्हती. कात्रजच्या डोंगरात असा रिवाज काढला तर तिसऱ्या दिवशी फळं सोडा, डोंगर जागेवर राहणार नाही.

मला एक बादली दिली. मी वेचत होतो. बाजूच्या झुडपापाशी मुक्ता आणि सुनंदा होत्या.

"आई, बाबांना सांग, कच्ची घेऊ नका. तांबूस असतात ती."

"तिला सांग, पंधराव्या वर्षापासून माल पारखतोय मी."

"त्यांना सांग, माल पारखता येतो. माणसं नाही."

सुनंदा म्हणाली, "तुमचं तुम्ही सांगा एकमेकांना. मी फळं वेचतेय."

माझं डोकं फिरलं. बादली खाली ठेवली आणि चालू पडलो.

दुकानातून उठून जाण्याची एक पद्धत असते. भाव जमत नसला की उठायचं, पहिली दहा पावलं भरभर टाकायची, मग हळू. मागे बघायचं नाही, कान मात्र मागे ठेवायचा. दुकानदार हाक मारतो. पहिल्या हाकेला थांबायचं नाही, दुसरीला वळायचं. मी आयुष्यात हजारदा असा उठून गेलोय आणि हजारदा मला परत बोलावलंय. त्या दिवशी दहा पावलं झाली, वीस झाली, शंभर झाली. हाक नाही. मी आणखी हळू झालो. शेवाळ इतकं मऊ की माझी पावलं मलाच ऐकू येत नव्हती. पण आता थांबलो तर लाज गेली, म्हणून चालत राहिलो.

शेवटी वळून पाहिलं तर चारी बाजूंना एकसारखी झाडं. सगळी सरळ, सगळी सारख्या उंचीची, एकावरही खूण नाही. सूर्य एका बाजूला लटकलेला, तो चढतोय की उतरतोय ते कळेना. फोन घरी टेबलावर. तोंडाभोवती डासांचा ढग. या जंगलात अस्वलं असतात का, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं, कारण मी बोलत नव्हतो.

दोनदा दिशा बदलली आणि दोन्ही वेळा त्याच पडलेल्या झाडापाशी आलो. मग मात्र घाबरलो. हे लिहायला मला लाज वाटत नाही, कारण तिथं बघायला कुणी नव्हतं. ओरडायला हवं होतं. सुनंदाला हाक मारावी, मिक्कोला मारावी, असं डोक्यात आलं. तोंडातून वेगळंच बाहेर पडलं.

"मुक्ते!"

"ओ."

लांबून नाही. मागच्याच झाडापासून. मुक्ता उभी होती, एका हातात तिची बादली, एका हातात माझी.

"कधीपासून आहेस इथं?"

"तुम्ही निघालात तेव्हापासून."

"मग हाक मारता येत नाही?"

"मारली असती. थांबला असतात?"

मी खरं ते सांगितलं. "नसतो थांबलो."

"मग. उलट आणखी लांब गेला असतात. आणि त्या बाजूला दलदल आहे."

मी पडलेल्या झाडावर बसलो. "चौदा महिन्यांत एक फोन केला नाहीस."

"तुम्ही बोलू नकोस म्हणालात."

"अगं, माणूस रागात म्हणतो! इकडच्या लोकांसारखं तूही अक्षरशः धरून बसलीस?"

"इकडच्या लोकांचं नाव घेऊ नका. तुमच्यासारखंच केलं मी. जो आधी तोंड उघडतो त्याला उतरावं लागतं, हे रोज कोण सांगायचं? दुकानात बसून गृहपाठ करायचे तेव्हा पाढ्यांपेक्षा ते जास्त ऐकलंय."

म्हणजे तिला दिसत होतं. चौदा महिने दिसत होतं. एका बाजूनं मला फार बरं वाटलं, पण ते दाखवलं नाही.

"लग्न करायच्या आधी सांगायचं होतंस."

ती दोन्ही बादल्या खाली ठेवून माझ्याशेजारी बसली. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही आधी म्हणाला असतात, हा नकोच. मग म्हणाला असतात, दोन वर्षं थांब. मग एक वर्ष. मग लग्न पुण्यात. मग त्यानं पुण्यात राहायचं. शेवटी कुठेतरी जमलंच असतं, मला माहीत आहे. पण बाबा, मला मिक्कोचा भाव करायचा नव्हता."

तांब्याच्या ठोक व्यापाऱ्यांनी मला कोंडीत पकडलंय, सरकारी साहेबांनी पकडलंय, पण असं कुणी पकडलं नव्हतं. मी म्हटलं, "खर्चात मी घासाघीस करणार नव्हतो तुझ्या."

"माहीत आहे. आईनं सांगितलं." तिचं नाक लाल झालं होतं. थंडीनं, म्हणाली. थंडी नव्हती.

मग ती उठली, माझी बादली माझ्या हातात दिली आणि चालू लागली. मला रस्ता माहीत नव्हता, म्हणून मी तिच्या मागे. बरंच चालल्यावर तिनं मागे न बघता विचारलं, "राग किती राहिलाय?"

मी म्हटलं, "अर्धा."

"फार आहे. पाव."

"पाव परवडत नाही."

"मग दलदल डावीकडे आहे."

"बरं, पाव आणि वर थोडा."

"वरचा नाही. आणि मिक्कोवरचा वेगळा धरायचा नाही, त्यातच आला."

"तो त्यातच कसा? तो मला वसंत म्हणतो!"

"त्याला शेठ म्हणायला शिकवते. मग किती सोडाल?"

झाडांमधून तळं दिसायला लागलं, मग घर, मग तळ्याकडे तोंड केलेल्या खुर्च्या, आणि आमचं चाललेलंच होतं. घराच्या पायरीशी येईपर्यंत आम्ही दोघंही तापलो होतो, आवाज चढले होते, आणि ओट्यावर लेना आणि तापानी घाबरून उभे राहिले होते. त्यांना वाटलं आमचं मोठं भांडण जुंपलंय. सुनंदा त्यांना सांगत होती, घाबरू नका, आता बोलायला लागलेत.

शेवटी सौदा कितीवर पटला ते मी सांगणार नाही. धंद्यात अशा गोष्टी सांगत नाहीत. एवढंच सांगतो की आजवर इतक्या कमी भावात मी कुणाला काही सोडलेलं नाही.